भिंतीवरची तसबीर आणि पडद्यावरची मुलाखत

मुलाखत या शब्दाचा मूळ अर्थ भेट असा आहे. अरबी-फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि पुढे त्याला पारखण्याचा, निवडीचा अर्थ चिकटला. भेट म्हटली की दोन माणसांनी एका जागी येणे ओघाने आलेच. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर मात्र ही अट गळून पडली. उमेदवार पालम तालुक्यातल्या एखाद्या वाडीत, विचारणारे तिघे तीन शहरांत आणि भेट हातातल्या मोबाईलच्या पडद्यावर, यात आता नवलाई राहिलेली नाही. आपल्या निवासी विद्यालयातून बाहेर पडलेल्या कित्येक मुलामुलींची पहिली मुलाखत याच पद्धतीने झाली आणि आज आठवी-नववीच्या वर्गात बसलेल्यांपैकी बहुतेकांची याच पद्धतीने होईल. संस्थेच्या वाटचालीवर लिहिण्यास माझ्याहून अधिकारी सहकारी या स्मरणिकेत आहेत. इतिहासाचा शिक्षक या नात्याने मी या नव्या परीक्षेविषयी काही विचार मांडतो; कारण ती कोणत्याही अभ्यासक्रमात नाही आणि गुणवत्ता असूनही तिच्यात मागे राहणारी मुले बहुतांशी आपल्यासारख्या घरांतली असतात, असे माझे निरीक्षण आहे.

आधी तिच्या बाजूने बोलले पाहिजे. पूर्वी मुंबईत सकाळी दहाची मुलाखत असली की आपला मुलगा आदल्या संध्याकाळी परभणी स्थानकावर देवगिरी किंवा नंदीग्रामच्या जनरल डब्यात घुसे. रात्रभर दाराशी उभे राहून पहाटे उतरे, स्थानकातल्या नळावर तोंड धुई, पिशवीतला चुरगळलेला सदरा अंगावर चढवी आणि तांबारलेल्या डोळ्यांनी त्या गार खोलीत जाऊन बसे. त्याच वेळी दादर-ठाण्याचा उमेदवार आईच्या हातचा नाश्ता करून आलेला असे. तिकिटाचे, जेवणाचे, क्वचित लॉजचे पैसे कोणाच्या तरी उसनवारीतून आलेले असत. मुलींच्या बाबतीत तर प्रश्न तिथेच संपे. एकटीला मुंबईला कसे पाठवायचे, एवढ्या एका वाक्यावर कितीतरी मुलाखतपत्रे ट्रंकेच्या तळाशी गेली. हा सारा भार नव्या पद्धतीने हलका केला. ज्यांना ही पद्धत सरसकट खोटी आणि निर्जीव वाटते, त्यांनी जनरल डब्यातली ती रात्र आठवून पाहावी.

परंतु एक गोष्ट उलटी झाली आहे आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. पूर्वी उमेदवार घर मागे ठेवून मुलाखतीला जात असे. धुतलेला सदरा, पॉलिश केलेले बूट, हातात फाईल, एवढेच समोरच्याला दिसे. आता उमेदवार घरातच असतो आणि मुलाखत घेणारा त्याच्या घरात येतो. पत्र्याचे छप्पर, दोरीवरचे कपडे, कोपऱ्यातली चूल, मधूनच डोकावणारा लहान भाऊ, शेजारच्या घरातला टीव्ही, भिंतीवरच्या तसबिरी, हे सारे प्रश्नोत्तरांच्या आधीच त्याच्या डोळ्यांपुढे येते. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली, कोरी भिंत आणि बंद होणारे दार आहे, त्याला यातले काहीच सोसावे लागत नाही. कोरी भिंत ही आपल्या समाजात चैनीची वस्तू आहे, हे ही पद्धत काढणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.

घर दिसल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याला उत्तर म्हणून एका संशोधनाकडे बोट दाखवतो. डॉ. सुखदेव थोरात हे मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांनी आणि पॉल ॲटवेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठवण्यात आले. शिक्षण व अनुभव सारखाच, फरक फक्त नावाचा. काही नावे उच्चजातीय हिंदू वाटणारी, काही दलित, काही मुस्लिम. मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता दलित नावाला उच्चजातीय नावाच्या सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश एवढीच निघाली. आडनावाची चार अक्षरे जिथे एवढे करतात, तिथे संपूर्ण घर डोळ्यांपुढे आल्यावर काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. त्याच संशोधनमालेत सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांत माणसे निवडणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून एक शोधनिबंध लिहिला. आम्ही जात पाहत नाही, गुणवत्ता पाहतो, असे सांगणारे हे अधिकारी उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी मात्र आवर्जून विचारत आणि तिला महत्त्व देत.

आता तसबिरीचा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी आपल्या एका माजी विद्यार्थ्याचा मला आदल्या रात्री फोन आला. मुलाखत उद्या सकाळी अकराला, घर एका खोलीचे. तो म्हणाला, “सर, मागं बाबासाहेबांचा न् बुद्धांचा फोटो येतोय. काढून ठेवू का?” त्याच्या आवाजात शरम नव्हती, हिशोब होता. घरात कमावणारे कोणी नाही आणि ही तिसरी मुलाखत. अशा वेळी तावातावाने उपदेश करणे सोपे असते. मी त्याला म्हणालो, “बाजेची जागा बदलून बघ. एखादी रिकामी भिंत मिळाली तर तिथं बस. नाही मिळाली तर फोटो आहे तिथंच राहू दे.”

हा सल्ला का दिला, ते थोडे सविस्तर सांगतो. कारण हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतेच. पडद्यावरच्या मुलाखतीत पाठीमागे काही नसावे हा सर्वांसाठी सारखाच नियम आहे. गणपतीचे कॅलेंडर, लग्नातला फोटो, पुढाऱ्याबरोबरचा फोटो, ट्रॉफ्यांचे कपाट, यांतले काहीही नजर खेचते आणि ऐकणाऱ्याचे लक्ष उत्तरावरून उडते. हा नियम पाळण्यासाठी आपली बैठक बदलणे यात कमीपणा नाही. मात्र जागा बदलणे वेगळे आणि भीतीपोटी भिंतीवरून तसबीर उतरवणे वेगळे. जो मालक तसबीर पाहून नाकारणार आहे, त्याने आडनाव तर अर्जाच्या पहिल्याच ओळीत वाचलेले असते. खिळ्यावरून फोटो उतरवून त्याची दृष्टी बदलत नाही. उमेदवार मात्र सबंध मुलाखतभर काहीतरी लपवत असल्याच्या ओझ्याखाली बोलतो आणि ते ओझे आवाजात उतरते. एवढे म्हटल्यावर हेही म्हणतो, की पोटासाठी एखाद्याने ती तासाभरापुरती उतरवलीच, तर त्याला बोल लावण्याचा अधिकार पगारदार माणसांनी घेऊ नये. निवाडा करायचाच असेल तर तो त्याला तसा विचार करायला लावणाऱ्यांचा करावा.

आपला इतिहास मुलाखतींना नवखा नाही. मॅट्रिकनंतर इंटरपर्यंत शिकलेल्या भीमरावांना पुढे शिकवणे सुभेदार रामजींना जड जाऊ लागले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी त्यांना सयाजीराव गायकवाड महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, असे धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदवले आहे. पुढे जून १९१३ मध्ये बडोदे संस्थानाशी करार होऊन ते कोलंबिया विद्यापीठाकडे निघाले. आपण हा प्रसंग नेहमी महाराजांच्या औदार्यासाठी सांगतो आणि ते योग्यच आहे. पण मला त्यातले केळुसकर गुरुजी अधिक महत्त्वाचे वाटतात. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणारा मुलगा त्यांनी हेरला, त्याला वाचायला पुस्तके दिली, स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले आणि मग योग्य वेळी त्याला योग्य दारापर्यंत नेले. सुखवस्तू घरांत असा एक केळुसकर घरातच असतो. कंपनीतला मामा, बँकेतली आत्या, अमेरिकेतला चुलतभाऊ. मुलाखतीत काय विचारतात हे तो जेवताजेवता सांगून टाकतो. आपल्या मुलांच्या घरी शिकलेली तीच पहिली पिढी. त्यांना केळुसकर गुरुजी शाळेतच मिळाले पाहिजेत.

तयारी कशी करावी याचाही धडा बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. २७ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली तेव्हा ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि वय अवघे २७ वर्षांचे. सायमन आयोगापुढे ते २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यात बसले. आयोगाचे सदस्य ब्रिटिश संसदेतले होते. पुढे पंतप्रधान झालेले क्लेमंट ॲटली त्यांतलेच. या साक्षीच्या पाच महिने आधी, २९ मे रोजी, बहिष्कृत हितकारिणी सभेचे सविस्तर निवेदन लिहून सादर झालेले होते. ही प्रश्नोत्तरे महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात छापलेली आहेत. मोठ्या मुलांनी ती मुद्दाम वाचावीत. कितीतरी उत्तरे एका-दोन वाक्यांची आहेत. जो आधी लिहून मोकळा झालेला असतो, त्याला बोलताना पाल्हाळ लागत नाही. म्हणून मुलाखतीची तयारी आरशापुढे उभे राहून होत नाही, ती वहीत होते. आपण काय शिकलो, कोणते काम हाताने केले, कुठे अडलो, कशी वाट काढली, हे चार-पाच पाने लिहून काढावे. मग तोंडाला आपोआप आकार येतो.

‘मिलिंद’ या नावातही मुलाखतच आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी पुढे ज्या राजाचे नाव दिले, तो यवन राजा मिलिंद भदंत नागसेनांना प्रश्न विचारतो आणि त्या संवादातून मिलिंदप्रश्न हा ग्रंथ उभा राहतो. संवादाला बसण्याआधी नागसेन एक अट घालतात. राजा पंडितासारखा बोलणार असेल तर ते बोलतील, राजासारखा बोलणार असेल तर नाही. पंडितांच्या चर्चेत कोणाचे म्हणणे खोडले गेले तरी कोणी रागावत नाही. राजाच्या चर्चेत न पटणाऱ्याला दंड होतो. आजच्या उमेदवाराला अशी अट घालता येत नाही, हे मला कळते. पण समोरच्या चौकटीत दिसणारी माणसे राजे नाहीत, आपल्यासारखीच प्रश्न घेऊन बसलेली माणसे आहेत, एवढी बैठक मनात पक्की असली की छातीतली धडधड अर्धी कमी होते. माहीत नसेल तर ‘हे मला ठाऊक नाही, पण मी असा शोध घेईन’ असे सांगणे ही पंडिताची रीत आहे, शरणागती नव्हे.

आता काही अगदी व्यवहारी गोष्टी, कारण पुष्कळदा निकाल विद्वत्तेवर न लागता उजेडावर लागतो. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळवंडतो आणि समोरच्याला केवळ एक सावली दिसते. उजेड तोंडावर हवा. खिडकीकडे तोंड करून बसावे. मोबाईल हातात धरू नये, तो हलतो. चार पुस्तकांची चळत करून तिच्यावर टेकवावा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला यावा आणि फोन आडवा ठेवावा. खालून कॅमेरा लागला तर नाकपुड्या आणि छताचे पत्रे एवढेच दिसतात. बोलताना पडद्यावरच्या चेहऱ्याकडे पाहिले तर समोरच्याला आपली नजर खाली गेलेली दिसते. भिंगाशेजारी एक टिकली चिकटवावी आणि तिच्याकडे पाहून बोलावे; सरावाने जमते.

चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा आहे. चित्र अडखळले तर चालते, आवाज तुटला तर मुलाखत संपते. साधा तारेचा इअरफोन यासाठी उत्तम. मे महिन्यात आपल्याकडे पंखा बंद करून बसणे ही शिक्षा आहे. पण डोक्यावरच्या पंख्याची घरघर माईकमध्ये वादळासारखी ऐकू जाते. तेवढा वेळ पंखा बंद, हातरुमाल जवळ. पावसाळ्यात पत्र्याच्या घरात मुलाखत ठेवूच नये. सर येते तेव्हा स्वतःचे बोलणे स्वतःला ऐकू येत नाही. नातेवाइकाचे स्लॅबचे घर, समाजमंदिर, विहार, ग्रामपंचायतीची खोली, जे मिळेल ते आधी पाहून ठेवावे आणि त्याच जागी, त्याच वेळेला, आदल्या दिवशी एकदा जोडणी करून बघावी. दुपारी चारला जे नेट उत्तम चालते ते संध्याकाळी सातला सारे गाव मोबाईल उघडून बसले की चालत नाही. दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला एक फोन शेजारी हॉटस्पॉटसाठी तयार असावा. वीज जाईल हे गृहीत धरून दोन्ही फोन पूर्ण भरलेले असावेत. मधेच येणारे कॉल बंद करण्याची सोय फोनमध्ये असते, ती लावावी. नाहीतर ऐन उत्तराच्या वेळी काकांचा फोन येतो. पार्श्वभूमी पुसट करण्याचीही सोय असते, पण स्वस्त फोनवर ती कानच कापून टाकते आणि फोन तापतो. तिच्या भरवशावर राहू नये. वडिलांच्या किंवा मित्राच्या खात्यावरून जोडले असेल तर पडद्यावर त्याचे नाव झळकते. ते आधीच बदलावे. आणि जोडणी तुटलीच, तर घाबरून न जाता लगेच पुन्हा जोडून ‘क्षमस्व, वीज गेली होती’ असे एकदाच सांगावे आणि पुढे बोलू लागावे. वारंवार माफी मागणारा उमेदवार वीज मंडळाचा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतो.

पडद्यावर आवाज क्षणभर उशिरा पोचतो. प्रश्न संपल्यावर मनात दोन आकडे मोजून मग बोलावे, म्हणजे दोघांची बोलणी एकमेकांवर आदळत नाहीत. या दोन आकड्यांचा आणखी एक उपयोग असा, की विचार करायला वेळ मिळतो.

‘घरच्यांविषयी सांगा’ हा प्रश्न येतोच. आपली मुले इथे एक तर सारे लपवतात, नाहीतर दुःखाचा पाढा वाचतात. दोन्ही नको. आईवडील ऊसतोडीला जातात, हे एका वाक्यात, मान वर करून सांगावे आणि पुढच्या वाक्यात आपण काय केले ते सांगावे. निवासी शाळेतल्या मुलाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, पण ते काम होते हेच त्याच्या ध्यानात येत नाही. भोजनगृहाचा धान्याचा हिशोब ज्याने ठेवला, पहाटे पाचला घंटा देण्याची जबाबदारी ज्याने वर्षभर एकदाही चुकवली नाही, पाण्याच्या रांगेतले भांडण जिने मिटवले, ग्रंथालयातल्या फाटक्या पुस्तकांना जिने बांधणी केली, त्या मुलांनी हेच सांगावे. कंपन्यांना जो ‘कठीण प्रसंगी तुम्ही काय केले’ असा प्रश्न आवडतो, त्याचे उत्तर इथे तयार आहे. प्रसंग कोणता, आपल्याकडे काम कोणते होते, आपण नेमके काय केले आणि त्याचे काय झाले, या क्रमाने दीड मिनिटात सांगता येईल इतके ते घोटावे.

भाषेविषयी थोडे. आपली मुले ‘करायलो’, ‘जायलो’ म्हणतात म्हणून कोणी हसले, की पुढच्या वाक्याला त्यांची जीभ जड होते. मराठवाड्याची ही बोली शेकडो वर्षे जुनी आहे, ती अशुद्ध नाही. मात्र मुलाखतीची भाषा ही सभेची भाषा असते आणि सभेची भाषा प्रत्येकाने, पुण्याच्या मुलानेसुद्धा, शिकूनच घ्यायची असते. दोन सदरे बाळगावेत तशा दोन भाषा बाळगाव्यात. इंग्रजीची गोष्ट अधिक अवघड. ‘मायसेल्फ अमुकतमुक’ अशी पाठ केलेली सुरुवात आणि त्यापुढे धाप लागेपर्यंत घोकंपट्टी, हे शिकवणीवर्गांनी लावलेले वळण मोडले पाहिजे. लहान वाक्ये, सावकाश, बरोबर. अडले तर ‘हे मी मराठीत किंवा हिंदीत सांगू का’ असे विचारण्यात काही वावगे नाही. बरेच जण होकार देतात.

अलीकडे आणखी एक प्रकार आला आहे. समोर माणूसच नसतो. पडद्यावर प्रश्न उमटतो, विचाराला अर्धे मिनिट मिळते आणि मग ठरावीक वेळात उत्तर ध्वनिचित्रमुद्रित करायचे. कधी त्याला यंत्रच गुण देते. अमेरिकेतल्या हायरव्ह्यू या कंपनीची प्रणाली उमेदवाराच्या चेहऱ्यावरचे भावसुद्धा तपासत असे. टीका झाल्यावर जानेवारी २०२१ मध्ये तिने चेहऱ्याचे विश्लेषण बंद केल्याचे जाहीर केले. इलिनॉय राज्यात तर १ जानेवारी २०२० पासून कायदाच आहे, की मुलाखतीची चित्रफीत यंत्राकडून तपासायची असेल तर उमेदवाराला आधी सांगून त्याची संमती घेतली पाहिजे. मिलिंदाला निदान नागसेनांचा चेहरा दिसत होता. यंत्रापुढे बोलण्याचा सराव मात्र फुकट करता येतो. स्वतःचाच फोन लावून उत्तर मुद्रित करावे, एकदा आवाज बंद करून पाहावे, एकदा डोळे मिटून ऐकावे. आपले हात किती हलतात आणि ‘म्हणजे’ किती वेळा येते ते तत्काळ कळते.

याच मोबाईलमध्ये लबाडीही आहे. उत्तर कोणीतरी मागून सांगणे, दुसऱ्या पडद्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेऊन वाचणे, असे उद्योग सर्रास चालू झाले आहेत. वाचणाऱ्याचे डोळे डावीकडून उजवीकडे फिरतात आणि ते कोणालाही दिसते. चौथे शील रोज म्हणणाऱ्या मुलांना याहून अधिक सांगण्याची गरज नसावी. उलट बाजूची लबाडी अधिक घातक आहे. घरबसल्या नोकरी, व्हॉट्सॲपवर मुलाखत, निवड झाली आणि आता नोंदणी शुल्क भरा, असा फोन आला की तो चोराचा समजावा. परदेशी नोकरीच्या अशाच आमिषाने थायलंडमार्गे म्यानमारच्या सायबर गुन्ह्यांच्या अड्ड्यांत अडकलेल्या शेकडो भारतीय तरुणांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले.

शासनाकडूनही अपेक्षा आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या खालच्या स्तरावरील बहुतांश पदांच्या मुलाखती बंद केल्या, कारण शिफारस आणि वशिला यांचे ते प्रवेशद्वार झाले होते. निर्णय चांगला होता. पण जिथे मुलाखत उरली आहे आणि ती दूरदृश्य प्रणालीद्वारे होते, तिथे उमेदवाराला घरी का बसवायचे? प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात अशा संपर्काची सोय आहे, तालुक्यांना महाविद्यालये आहेत. सगळ्यांना एकच खुर्ची, एकच भिंत, एकच वेगाचे नेट मिळाले तर निदान घराला गुण मिळणार नाहीत. खासगी कंपन्यांना एवढे तरी सांगता येईल, की उमेदवाराचे घर पाहून तुम्हाला करायचे काय आहे?

तोवर आपण वाट पाहत बसू नये. या वर्षी माजी विद्यार्थ्यांकडून जमलेल्या निधीतून प्रवेशद्वाराची कमान बांधावी असा एक विचार पुढे आला आहे. कमानीला माझा विरोध नाही, पण ती पुढच्या वर्षी बांधता येईल. आधी एक खोली तयार करावी. ग्रंथालयाच्या मागची कोठी रिकामी आहे आणि तिची एक भिंत पूर्ण कोरी आहे. एक टेबल, दोन खुर्च्या, समोरून पडणारा दिवा, एक जुना पण चालू लॅपटॉप, तारेचा हेडफोन, दोन कंपन्यांचे नेट आणि बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर, एवढ्यावर काम भागते. ही खोली फक्त आपल्या मुलांसाठी नसावी. पंचक्रोशीतला कोणत्याही जातीचा मुलगा किंवा मुलगी मुलाखतपत्र दाखवून तासभर ती वापरू शकेल, असा नियम असावा. वेळ नोंदवण्यासाठी एक वही आणि ती सांभाळायला अकरावी-बारावीच्या मुलामुलींची पाच जणांची समिती पुरे.

दर रविवारी सकाळी या खोलीत सराव मुलाखती घेता येतील. विचारणारे बाहेरचे, अनोळखी हवेत, कारण रोजच्या गुरुजींपुढे मुले घाबरत नाहीत आणि सरावाचा उपयोग होत नाही. पुण्या-मुंबईत, हैदराबादेत, परदेशात नोकरी करणारे आपले माजी विद्यार्थी महिन्यातून एक तास पडद्यावर येऊन बसले तर पुरे. त्यांनी कडक प्रश्न विचारावेत, मधेच आवाज बंद करून बघावा आणि शेवटी काय चुकले ते नावानिशी सांगावे. ज्यांना हे जमण्यासारखे आहे त्यांनी आपले नाव, काम आणि सोयीचा रविवार विद्यालयाच्या कार्यालयात कळवावा. अधीक्षक सरांनी त्यासाठी वेगळी नोंदवही उघडली आहे.